ओली फिल्म

माझं काम अंधारातलं.
सुखुमीत, टेकडीखालच्या प्रयोगशाळेत,
लाल दिवा, तीन थाळ्या,
आणि बोटांना कायम व्हिनेगरचा वास.
आई म्हणायची, लोणच्याच्या कारखान्यात लागलीस का गं.

आधी भोंगा वाजायचा.
मग टेकडीवरच्या माकडघरातली माकडं ओरडायची.
मग कपॅसिटरांचा एकच दणका
आणि चिनी मातीच्या नळीत, विरळ ड्युटेरियममधून
दोन लाख अँपियर धावत सुटायचे.
एवढ्या प्रवाहाला बांधायला दोरी लागत नाही.
पिंपाला लोखंडी पट्ट्या ठोकाव्यात
तशी तो स्वतःभोवती चुंबकाची कडी घालतो, कडीमागे कडी,
आणि स्वतःलाच आवळत नेतो मधोमध,
भिंतीपासून दूर.
वालेरियान ओसिपोविच फळ्यावर काढून दाखवायचे:
खडूची एक सरळ रेघ.
फळ्यावर ती सरळच राहायची.

फिल्मवर काळ डावीकडून उजवीकडे जातो.
पहिल्या मायक्रोसेकंदाला जाड पट्टा,
मग बारीक, मग लखलखीत,
मग कुठेतरी केसाएवढा वाक.
वाकाच्या आतल्या अंगाला कड्या दाटतात,
बाहेरच्या अंगाला विरळ होतात,
म्हणजे ढकलणारे सगळे एका बाजूला
आणि पलीकडे सावरायला कुणी नाही.
वाक वाढतो. वाढला म्हणूनच वाढतो.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात;
इथे जाळ हाच सुंभ,
एकदा पीळ पडला की सुंभ उरत नाही.

कधी तो वाकत नाही, गळाच आवळला जातो.
जिथे बारीक, तिथे पकड घट्ट;
पकड घट्ट, म्हणून आणखी बारीक.
युद्धाच्या वर्षांत आमच्या स्वयंपाकघरात हाच नियम होता.
त्याला सूत्र नव्हतं.

मार्चमध्ये न्यूट्रॉन आले.
पॅराफिनच्या ठोकळ्यांमागे मोजणीयंत्र टकटकलं,
वालेरियान ओसिपोविच बुटांसकट खुर्चीवर चढले,
ड्रायव्हर तामशुकने काकाच्या घरची काळी वाइन आणली,
कुणीतरी म्हणालं, सूर्य.
मग सगळेच म्हणाले.
मॉस्कोला फोन लागत नव्हता, तेवढं एक बरं झालं.

मी दारात, चिमट्यात ओली फिल्म धरून.
पाणी माझ्याच चपलांवर टपकत होतं.
मोजणीची वेळ मी पेन्सिलने फिल्मवर ओढून पाहिली होती,
दोनदा, कारण पहिल्यांदा
माझाच माझ्यावर विश्वास बसला नाही.
रेघ सरळ होती तेव्हा एकही न्यूट्रॉन नाही.
गळा तुटला त्या क्षणी सगळे.
तुटत्या जागेवरून थोडे अणू भिरकावले गेले होते,
एवढंच. ऊब असती तर सगळ्यांना असती.

त्यांनी फिल्म खिडकीकडे धरली. बराच वेळ.
ग्लास टेबलाच्या अगदी कडेला ठेवला,
मी तो आत सरकवला.
"त्सियाला," ते म्हणाले, "वाळू तरी द्यायची होतीस."

पुढच्या वर्षी नळीभोवती तांब्याची वेटोळी आली:
लांबीच्या दिशेने दुसरं क्षेत्र,
पाठीला कणा द्यावा तसं.
हिशेब असा की या टोकाहून त्या टोकाला पोचेतो
पिळाचा एक फेरा पुरा होता कामा नये.
तेवढ्यात राहिलात तर टिकाल.
टिकलं. चारपट टिकलं.
मग दुसरंच काही थरथरू लागलं,
त्याला अजून नाव नव्हतं,
आणि मी पुन्हा थाळ्या भरल्या.

आता कुताइसीत राहते, चौथ्या मजल्यावर.
घर सोडलं त्या रात्री पिशवीत काय आलं,
काय राहिलं, विचारू नका.
ती फिल्म आली.
सुकताना जरा वळली होती,
तेव्हापासून शब्दकोशाखाली दाबून ठेवलीये.
कुणाला दाखवायला काढावी,
तर हातातल्या हातात
पुन्हा वळते.